शाळेचें वातावरण व शिक्षकाचें आरोग्य

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला ‘शिक्षकांचें कर्तव्य’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. समितीची क्षमा मागून मीं विषय बदलून घेतला. शिक्षकांस त्यांचें कर्तव्य सांगणारांची या जगांत वाण नाहीं. केंद्रप्रमुख सांगतात, विस्तार अधिकारी सांगतात, ग्रामसभेंत पुढारी सांगतात, आणि रविवारीं वेदीजवळ उभा राहून मीहि सांगतों. परंतु हें सारें ज्यानें ऐकून घ्यावयाचें त्याला रात्रीं झोंप लागते कीं नाहीं, त्याचा घसा वारंवार कां बसतो, चाळिशीच्या आंत त्याला रक्तदाबाची गोळी कां सुरू झाली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज तें विचारावें असें मीं योजिलें आहे.

याला कारण माझ्या पदरचा एक अपराध आहे. तो प्रथम सांगून टाकतों, म्हणजे पुढें मीं कोणास बोल लावला तर माझा अधिकार कितपत आहे हें तुम्हांस ठाऊक असेल.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका तालुक्यांत, एका शाळेचें व्यवस्थापन माझ्याकडे होतें. शाळेचें नांव सांगत नाहीं. शाळा चांगली होती, व्यवस्थापक कच्चा होता. शिस्तीविषयीं माझ्या कल्पना त्या वेळीं फार कडक असत. शिक्षकांचें मस्टर मीं मुद्दाम माझ्या मेजावर ठेवविलें होतें. उशिरां येणाऱ्यास माझ्यासमोर येऊन सही करावी लागे. गणिताचे एक मास्तर होते. दोन एस. टी. बदलून येत. पावसाळ्यांत एका पंधरवड्यांत त्यांना चार वेळां उशीर झाला. मीं सर्व सहशिक्षकांच्या देखत ते चारहि दिवस व मिनिटें वाचून दाखविलीं. ते कांहीं बोलले नाहींत. त्यानंतर त्यांना एक दिवसहि उशीर झाला नाहीं, आणि माझी पद्धत गुणकारी ठरली म्हणून मला समाधान वाटलें. ते पहांटे साडेचारला घर सोडूं लागले होते, हें मला पुष्कळ महिन्यांनीं कळलें. दिवाळीच्या सुमारास त्यांचा आवाज गेला. मग चक्कर येऊं लागली. डॉक्टरांनीं रक्तदाब सांगितला. वय छत्तीस. मीं फळें पाठविलीं, मिस्सामध्यें त्यांच्यासाठीं प्रार्थना केली, आणि ती मनापासून केली. त्या आजाराचा माझ्या मेजावरील मस्टराशीं कांहीं संबंध असेल, ही शंका मात्र माझ्या मनाला शिवली नाहीं. एप्रिलमध्यें त्यांनीं दोन ओळींचा राजीनामा दिला.

पुढें बऱ्याच वर्षांनीं आसनगांव स्टेशनवर ते मला भेटले. बाकावर शेजारीं बसलों. त्यांनीं वह्या-पुस्तकांचें लहानसें दुकान घातलें होतें. मीं विचारलें, “मास्तर, प्रकृति कशी आहे?” ते म्हणाले, “बरी आहे, फादर. आतां झोंप लागते.” स्वरांत राग नव्हता. तेवढ्यांत त्यांची गाडी आली.

हें वाक्य मी आजवर विसरलों नाहीं, व विसरूं नये असें मला वाटतें.

आतां मूळ विषयाकडे वळतों. शाळेचें वातावरण म्हणजे शाळेची इमारत नव्हे. इमारतीचा संबंध नाहीं असें नाहीं. आपल्याकडे आषाढ-श्रावणांत पत्र्यावर पाऊस कोसळूं लागला कीं शिक्षकानें ओरडावें किंवा गप्प बसावें, तिसरा मार्ग नसतो. त्यांत घसे जातात. पण मीं शहापूर आणि मुरबाड या दोन्ही बाजूंस पुष्कळ शाळा पाहिल्या. एकाच खोऱ्यांत, तोच पाऊस, तेच पत्रे, तोच पगार. तरी एका शाळेंतील शिक्षक दहा-दहा वर्षें आनंदानें रमतो, आणि दोन कोसांवरील दुसऱ्या शाळेंतील शिक्षक जून महिन्यापासूनच बदलीचे दिवस मोजूं लागतो. त्याला डोकेदुखी आहे, पित्त आहे, रविवारीं संध्याकाळीं त्याचें पोट बिघडतें. या दोन शाळांत फरक असतो तो माणसांच्या वागण्याचा: वरिष्ठ कसे बोलतात, सोबती कसे वागतात, गांव कोणत्या नजरेनें पाहतो, आणि स्वतःच्या कामांत स्वतःचें कांहीं चालतें कीं नाहीं.

हें केवळ माझ्या मनचें नव्हे. लंडनमध्यें व्हाइटहॉल या भागांत ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्या आहेत. १९६७ सालीं तेथील सुमारें १८,००० पुरुष नोकरांच्या प्रकृतीची पाहणी सुरू झाली. साधारण समज असा कीं, मोठ्या जबाबदारीच्या मोठ्या साहेबास हृदयविकार अधिक व्हावा. निघालें उलटेंच. सर्वांत खालच्या पायरीवरील नोकरांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारें तिप्पट होतें. आणि तंबाखू, रक्तदाब वगैरे कारणें हिशेबांत घेऊनहि तो फरक पुरता उलगडेना. १९८५ सालीं दुसरी पाहणी सुरू झाली, तींत स्त्रियांचाहि समावेश होता. डॉक्टर मायकेल मार्मट व त्यांचे सहकारी यांना तींत असें दिसलें कीं, ज्याला आपल्या कामावर कांहींच ताबा नसतो, सांगेल तें व सांगेल तसें करावें लागतें, त्याच्या हृदयाला धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१९ सालीं, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ व न आवरलेल्या ताणानें येणाऱ्या शिणवट्याची आपल्या वर्गीकरणांत नोंद केली. त्याचीं लक्षणें तीन: सर्व शक्ति संपल्यासारखी वाटणें, कामाविषयीं मनांत दुरावा व कडवटपणा येणें, आणि आपल्या हातून कांहीं होत नाहीं असें वाटणें. संघटना त्यास रोग म्हणत नाहीं. कामाच्या ठिकाणीं उद्भवणारी स्थिति म्हणते. हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे, कारण रोग म्हटला कीं आपण रोग्याकडे बोट दाखवून मोकळे होतों.

कामावरचा ताबा म्हणजे काय, तें आपल्या डोंगरांतील उदाहरणानें पाहूं. दिवाळी झाली कीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर निघून जातात. भिवंडीकडे, कल्याणकडे, त्याहूनहि लांब. मुलें बरोबर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. वाडी ओस पडते, पण पटावर नांवें राहतात. मग वरून प्रश्न येतो, हजेरी कां घसरली? शिक्षक काय सांगणार? भूक त्यानें निर्माण केली नाहीं, भट्टी त्याची नाहीं, उचल त्यानें दिली नाहीं. तरी उत्तर त्यानें द्यावयाचें. ज्यावर आपला इलाज चालत नाहीं त्याचा जाब रोज द्यावा लागणें, ही गोष्ट माणसास आंतून खाते. माझ्या ओळखीचे एक शिक्षक भट्ट्याभट्ट्यांवर हिंडून आपलीं मुलें शोधीत. अधिकाऱ्यानें एकदां नुसतें “मास्तर, फार फिरलांत,” असें म्हटलें, तर तें त्यांनीं मला तीन वेळां सांगितलें. एवढ्या एका वाक्याची ज्यास इतकी तहान, त्याचे मागले दिवस कसे गेले असतील, तें तुम्हीच ताडा.

दुसरी गोष्ट दोन शिक्षकांच्या शाळांची. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या परिशिष्टांत प्राथमिक शाळेंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असें प्रमाण आहे. आपल्या वाड्यापाड्यांतील कितीतरी शाळा अशाच. मोठ्या शाळेंत एकाशीं पटलें नाहीं तर दुसऱ्याजवळ बसतां येतें. येथें सारें विश्व दोन माणसांचें. त्यांचें जमलें तर संसारासारखें: एक पहिली-दुसरी सांभाळतो, दुसरा तिसरी-चौथी, एकाच्या घरीं कोणी आजारी पडलें तर दुसरा चारहि वर्ग ओढतो आणि त्याचा उच्चार करीत नाहीं. नाहीं जमलें, तर? मीं एक शाळा पाहिली आहे, जेथें दोघे एकमेकांशीं बोलत नव्हते. निरोप मुलांच्या हातीं चिठ्ठीनें जात. भांडण कशावरून म्हणाल, तर पोषण आहाराच्या तांदळाच्या वहींत कोणी सही करावी यावरून. दोघेहि भले गृहस्थ होते. एकास पुढें मधुमेह झाला, दुसऱ्यास निद्रानाश. वहीमुळेंच झाला असें मी म्हणणार नाहीं, मी वैद्य नव्हे. पण रोज सहा तास मुक्या वैरांत काढणें प्रकृतीला मानवेल, असेंहि कोणी वैद्य म्हणणार नाहीं.

वह्यांचा विषय निघालाच आहे. त्या कायद्याचें सत्ताविसावें कलम सांगतें कीं, दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकास शिक्षणबाह्य काम देऊं नये. कागदावर हें उत्तम आहे. प्रत्यक्षांत माहिती भरावयाची, छायाचित्र पाठवावयाचें, तेंच पत्रक पुन्हां दुसऱ्या नमुन्यांत भरावयाचें. आणि मोबाइलला रेंज नसली तर त्यासाठीं टेकडी चढावयाची. डोळखांब किंवा टोकावडे या बाजूस संध्याकाळीं दगडावर उभा राहून हात वर धरलेला मनुष्य दिसला तर तो प्रार्थना करीत आहे असें समजूं नका. तो आजची पटसंख्या पाठवीत असतो.

शिक्षिकांविषयीं थोडें संकोच बाजूस ठेवून बोलतों. कल्याणहून, बदलापुराहून, शहापूर गांवांतून या भगिनी येतात. मुरबाडला रेल्वे नाहीं, शेवटची एस. टी. चुकली तर रात्र कोठें काढावी हा प्रश्न. शाळेंत स्वच्छतागृह असलें तरी त्यांत पाणी असेलच असें नाहीं. म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणीच पीत नाहींत, आणि मग मूत्रविकार जडतात. ज्या शहापूर तालुक्यांतील तानसा धरण १८९२ पासून मुंबईस पाणी पाजतें व भातसाहि पाजतें, त्याच तालुक्यांत एक शिक्षिका तहान दाबून शिकवीत असते. हें मुख्याध्यापकाच्या ध्यानांत येत नाहीं असें नव्हे. बोलायचें कोणी, एवढाच अडसर असतो. आश्रमशाळांची गोष्ट आणखी निराळी. तेथें दिवस मावळला तरी काम मावळत नाहीं. रात्रीं दोन वाजतां पोर तापानें फणफणलें तर वाहन कोठून आणावें, या धास्तीनें अधीक्षकाची झोंप सावध असते, वर्षानुवर्षें.

पोटाची चिंता मी थोडक्यांतच सांगतों, कारण ती तुम्हांस ठाऊक आहे. २००० सालापासून नव्या शिक्षकास पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राहावें लागतें; प्राथमिक शाळेंत तें आरंभीं महिना ३,००० रुपये होतें, २०२३ पासून १६,००० झालें. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांतील ‘कायम’ हा शब्द सरकारनें २००९ सालीं काढला, पण वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा यावयास २०१६ उजाडलें. मधलीं वर्षें कित्येकांनीं शाळा सुटल्यावर भाताची मळणी करून, रिक्षा चालवून काढलीं.

येथें कोणी म्हणेल, “फादर, जिल्हा परिषदेच्या कायम शिक्षकास पगार चांगला आहे, त्यास कसला ताण? आणि कामचुकार शिक्षक नाहींत काय?” आहेत. मीं पाहिले आहेत, व त्यांच्यामुळें मुलांचें नुकसान होतें हेंहि पाहिलें आहे. पण कामचुकार मनुष्य बोलण्यानें आजारी पडत नाहीं. मस्टराचा फटका नेमका बसतो तो प्रामाणिकाला. आणि पगार चांगला असला तरी अपमान त्यांतून वजा होत नसतो.

आपल्या महाराष्ट्रांत या विषयाचा आरंभ फार जुना आहे. सावित्रीबाई फुले १८४८ पासून पुण्यांत शिकवूं लागल्या, तेव्हां वाटेंत त्यांच्या अंगावर चिखल-शेण फेंकीत, हें शाळेंतील पोरासहि ठाऊक आहे. त्यापुढची गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. १८५६ सालीं आजारपणामुळें त्या माहेरीं नायगांवास जाऊन राहिल्या होत्या. तेथून जोतीरावांस लिहिलेलें ऑक्टोबरचें पत्र त्यांच्या समग्र वाङ्मयांत छापलेलें आहे. प्रकृति सुधारल्याचें त्या कळवितात, आणि आपल्या गैरहजेरींत फातिमेस त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाहीं, असेंहि लिहितात. मला या पत्रांतील हा भाग फार मोलाचा वाटतो. बाहेर सारें गांव उलटलेलें; पण शाळेच्या आंत अशी एक सोबतीण, कीं जिच्या भरंवशावर आजारी बाईनें निश्चिंत पडून राहावें.

आपल्या ख्रिस्तसभेंतहि एक उदाहरण आहे. शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून १९५० सालीं घोषित झालेले संत योहान बाप्तिस्ता द ला साल हे फ्रान्समधील रॅंस शहराचे सधन धर्मगुरु. गरिबांच्या शाळांसाठीं त्यांनीं काय केलें, असें विचारलें तर आपण म्हणूं, नवीन शिक्षणपद्धति काढली. ती पुढें काढली. प्रथम त्यांनीं शिक्षकांचीं राहण्या-जेवण्याची दैना पाहिली, त्यांस आपल्या पंक्तीस बसविलें, आणि १६८१ सालीं आपल्या घरांतच राहावयास आणलें. नातेवाईक रागावले. पुढें ते शिक्षकांस ईश्वरी कृपेवर भरंवसा ठेवण्याचा उपदेश करूं लागले, तेव्हां शिक्षकांनीं त्यांस ऐकविलें कीं, आपणांस संपत्ति आहे, पदाचें उत्पन्न आहे, म्हणून हें बोलणें सोपें. उद्यां शाळा बुडाल्या तर आम्हीं कोठें जावें? संतांनीं हा उद्धटपणा मानला नाहीं. १६८३ सालीं त्यांनीं आपलें मानाचें पद सोडलें व नंतर दुष्काळांत संपत्ति गरिबांस वाटून टाकली. ही हकीकत मीं सेमिनरींत वाचली होती, परीक्षेंत लिहिली होती. आणि तरीहि फळें पाठवून व प्रार्थना करून स्वस्थ बसलों होतों.

मुख्याध्यापकांसाठीं एक शब्द. निर्गमाच्या पुस्तकांत मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसतो, तें पाहून त्याचा सासरा इथ्रो त्यास सांगतो कीं, अशानें तूं आणि हे लोक दोघेहि झिजून जाल, काम वांटून दे. मुख्याध्यापकहि वरच्यांच्या धाकांत असतो, व तो धाक तो खालीं ओततो. मीहि तेंच केलें. म्हणून एवढेंच सुचवितों: दोष सांगावयाचा तर खोलींत, एकट्यास, गुण सांगावयाचा तर चारचौघांत. उशिराचें कारण आधीं विचारावें, मिनिटें मागाहून मोजावीं. माझे मास्तर दोन एस. टी. बदलून येतात, हें मीं विचारलें असतें तर त्यांचा पहिला तास दुसरा करतां आला असता. वेळापत्रकांत एक रेघ खोडावी लागली असती, इतकेंच.

आणि पालकहो, तुम्हांस वाटत असेल कीं हें सारें अधिकाऱ्यांचें काम. तसें नाहीं. प्रत्येक सरकारी शाळेस शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानें तिच्यांतील तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत व निम्म्या स्त्रिया. म्हणजे बहुमत तुमचें आहे. तुमच्यापैकीं कितीजण या समितीवर आहेत, तें मला ठाऊक आहे. कितीजण सभेस जातात, तेंहि ठाऊक आहे. येत्या सभेंत दोन गोष्टी मांडा. स्वच्छतागृहांत पाणी. आणि शिक्षकाविषयीं तक्रार असेल तर ती पोरांच्या देखत, दारांतून ओरडून करावयाची नाहीं; शाळा सुटल्यावर जाऊन, बसून करावयाची. डोंगरांतल्या आपल्या आदिवासी बंधूंस हें शिकवावें लागत नाहीं. आल्यागेल्यास आधीं पाणी देऊन मग बोलण्याची रीत त्यांच्यांत अजून आहे. विसरलों ते आम्ही रस्त्याकडेचे.

धर्मग्रामाच्या वतीनें महोत्सवाच्या खर्चांतून एक लहान व्यवस्था केली आहे. धर्मगुरुनिवासापासून अलग असलेली, आवाराच्या मागची जी खोली धान्य ठेवण्यास वापरीत होतों, ती रिकामी करून दोन खाटा, पंखा व स्नानगृह यांची सोय केली आहे. शेवटची गाडी चुकलेल्या कोणत्याहि शिक्षिकेनें, ती कोणत्याहि धर्माची व कोणत्याहि शाळेची असो, तेथें रात्र काढावी. नांव लिहावयाची वही ठेवलेली नाहीं. किल्ली धर्मभगिनींच्या स्वयंपाकघरांत दाराशेजारच्या खिळ्यास टांगलेली असते, आणि रात्रीं नऊपर्यंत चूल पेटलेली असते.